पुराच्या रात्री जवळ आलेला देव पुन्हा का येत नाही?

पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातून एका ताईंचा प्रश्न आला आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या, त्यांच्या सासूबाई आणि दोन लहान मुलं घराच्या माडीवर अडकली होती. नवरा नोकरीनिमित्त पुण्यात, लाइट गेलेली, मोबाइल बंद पडलेला. पाणी जिना चढत होतं आणि त्या बॅटरीच्या उजेडात कोरड्या राहिलेल्या पायऱ्या मोजत होत्या. मध्यरात्र उलटल्यावर कधीतरी त्यांच्या तोंडून निघालं, "देवा, माझ्यानं आता काही होत नाही, तूच बघ." पुढे त्या लिहितात, "कुणीतरी माझ्या पाठीला पाठ लावून बसलंय असं वाटलं. भीती गेली. मला चक्क झोप लागली." सकाळी बोट आली. शेजारच्या घरातले आजोबा मात्र त्याच रात्री गेले. ताईंचं विचारणं असं आहे: तो देव होता की मनाचा खेळ? देव होता, तर इतक्या वर्षांत पुन्हा एकदाही का आला नाही? हाक शेजाऱ्यांनीही मारली होती, मग मला देव भेटला असं म्हणायचा मला हक्क आहे का? आणि कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली की अजून हातपाय कापतात, म्हणजे माझी श्रद्धाच कच्ची आहे का?

ताई, मी साताऱ्याची, नारदीय कीर्तन करते. वाईपासून मिरजेपर्यंत गावोगाव उभी राहिले आहे. कीर्तन संपून आरती-प्रसाद झाला की मंडपात दोन-चार माणसं मागं रेंगाळतात. सगळे गेले की जवळ येऊन हळूच असंच काहीतरी सांगतात. कुणी मिरजेच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात काढलेली रात्र सांगतं, कुणी बाळंतपणात अडलेल्या लेकीची. गावात हे कुणाला सांगितलं नाही, लोक हसतील, असं बहुतेक जण म्हणतात. तुम्ही लिहून विचारलंत हे फार बरं केलंत.

तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता आलंय, आधी त्याचं बोलते. "एरवी मी देवाला नीट दिवासुद्धा लावत नाही, फक्त घाबरले तेव्हा हाक मारली," असं तुम्ही लिहिलंय आणि त्याची तुम्हाला लाज वाटतेय. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंत आपले चार प्रकारचे भक्त सांगतात. आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. पहिलं नाव आर्ताचं आहे, संकटात सापडून हाक मारणाऱ्याचं. ज्ञानी मला सर्वांत प्रिय असं ते पुढं म्हणतात खरं, पण हे चौघेही उदार आहेत असंही म्हणतात. गजेंद्राचा पाय नक्रानं धरला तेव्हाच त्याला नारायण आठवला. तेव्हाच का आठवला, असं त्याला नारायणानं विचारल्याचं कुठंही नाही. भीतीपोटी मारलेली हाक हलक्या दर्जाची असते, हा विचार मनातून काढून टाका.

आता देव की मनाचा खेळ. जिवावरच्या प्रसंगात कुणीतरी सोबत असल्याची जाणीव अनेकांना होते, हे आधी सांगते. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर गेलेल्या अर्नेस्ट शॅकल्टनचं जहाज बर्फात चिरडून बुडालं. मदत आणण्यासाठी १९१६ च्या मे महिन्यात तो दोन साथीदारांसह साउथ जॉर्जिया बेटाचे बर्फाचे डोंगर ओलांडत होता. तिघं जवळजवळ ३६ तास चालत होते. आपण तीन नसून चार आहोत असं वाटेत पुन्हा पुन्हा वाटत होतं, असं त्यानं नंतर लिहून ठेवलं. साथीदारांना तो काही बोलला नव्हता, पण नंतर त्यांनीच सांगितलं, त्यांनाही तसंच वाटलं होतं. थकलेलं शरीर, झोप नाही, अतोनात ताण, यातून मेंदूत असं काही घडत असावं, असं शास्त्रज्ञ म्हणतात. त्यांनी ते जरूर शोधावं. मला त्यात देवाचा काही अवमान दिसत नाही. देवाला माणसापर्यंत यायचं तर याच थकलेल्या देहातून आणि याच घाबरलेल्या मनातून यावं लागणार. आत यायला दुसरं दार आहे कुठं? मेंदूत काय घडलं हे कळल्यानं कोण आलं होतं याचा निकाल लागत नाही.

मग ओळखायचं कसं? मी त्या क्षणाकडे फारशी बघत नाही, त्याच्यानंतर काय झालं ते बघते. प्रकाश दिसला, सुगंध आला, अंगावर काटा आला, यावर मी कधी फार भर दिला नाही. तुमच्या पत्रात मला थांबवणारी जागा वेगळीच होती. सकाळी बोट आली तेव्हा तुम्ही आधी पलीकडच्या गल्लीतल्या बाळंतिणीला न्यायला सांगितलंत आणि स्वतः दुसऱ्या फेरीची वाट बघत थांबलात. हे तुम्ही अगदी सहज, मोठं काही केलं असं न दाखवता लिहिलंय. रात्री पायऱ्या मोजणारी बाई सकाळी आपली जागा दुसरीला देते, ही खूण माझ्या दृष्टीनं पाठीला लागलेल्या पाठीपेक्षा मोठी आहे. याच्या उलटही मी पाहिलं आहे. मला साक्षात्कार झाला म्हणून गोळ्या बंद करणारे, देवानं मला निरोप दिलाय म्हणून दुसऱ्यांना घाबरवणारे, त्या अनुभवाच्या जोरावर नारळ-दक्षिणा गोळा करणारे. अशा ठिकाणी मी हात जोडून बाजूला होते. देवाच्या भेटीनं माणूस मऊ होतो आणि जबाबदारीला जागा होतो. तुमचं तसंच झालेलं दिसतंय. तो देव होता असं मी माझ्या पुरतं नि:शंकपणे म्हणेन.

पुन्हा का आला नाही, हा तुमचा खरा प्रश्न. रोज रात्री मुलं झोपली की माडीवर त्याच कोपऱ्यात जाऊन बसते, काहीच होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तुम्हाला एक गोष्ट सांगते. कीर्तनात मी ती अनेकदा सांगितली आहे, पण एकेका माणसाला समोर बसवून सांगावी अशीच ती आहे.

भागवताच्या पहिल्या स्कंधात नारद व्यासांना आपल्या मागल्या जन्माची हकीकत सांगतात. ते एका दासीचं एकुलतं एक पोर होते. आई लोकांच्या घरी राबायची. पावसाळ्याच्या चातुर्मासात तिथं काही साधू मुक्कामाला राहिले, त्यांची सेवा या पोरानं केली, त्यांच्या तोंडच्या कथा ऐकल्या. साधू निघून गेले. मग एका रात्री आई गाय दोहायला बाहेर गेली आणि तिला साप चावला. पाच वर्षांचं पोर, जगात कुणी नाही. ते उत्तरेकडे चालत सुटलं. गावं मागं पडली, पुढं घोर अरण्य लागलं. साप, घुबडं, कोल्ही यांनी भरलेलं, बघूनच धडकी भरावी असं. पोर दमलं, भुकेनं-तहानेनं व्याकुळ झालं. एका नदीच्या डोहात अंघोळ केली, पाणी प्यायलं आणि पिंपळाखाली बसून साधूंकडून ऐकलं होतं तसं ध्यान लावलं. आणि हरी त्याच्या हृदयात प्रकटला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, स्वतःचं भान उरलं नाही.

आणि मग ते रूप एकाएकी नाहीसं झालं.

पोर दचकून उठलं. पुन्हा बसलं, पुन्हा मन एकाग्र केलं, काही दिसेना. एखाद्या आजाऱ्यासारखी त्याची तगमग झाली. तुम्ही माडीवरच्या कोपऱ्यात जे करताय, तेच त्या पिंपळाखाली चाललं होतं. तेव्हा त्याला आवाज आला. या जन्मात तुला माझं दर्शन पुन्हा होणार नाही. एकदा दाखवलं ते तुला ओढ लागावी म्हणून, आणि ही ओढच हळूहळू मनातलं बाकीचं सगळं काढून टाकेल. पुढं त्या मुलानं काय केलं? लाजलज्जा सोडून भगवंताचं नाव गात पृथ्वीवर हिंडत राहिला, आयुष्य संपेपर्यंत. ते दर्शन त्या जन्मात पुन्हा झालं नाही.

कीर्तनकार जिथं उभा राहतो त्या जागेला आम्ही नारदाची गादी म्हणतो. म्हणजे आमची ही सगळी परंपरा एकदाच दर्शन झालेल्या एका पोरक्या मुलाच्या गाण्यावर उभी आहे. ताई, तुम्हाला एकदा मिळालंय. कित्येक जण आयुष्यभर नाम घेतात आणि त्यांना तेवढंही मिळत नाही, तरी ते घेत राहतात. त्यांच्यापेक्षा तुमच्यावर कृपा जास्त, असं मला म्हणायचं नाही. त्या रात्री तुम्ही संपला होतात, म्हणून त्या रात्री ते आलं. आज चूल पेटते आहे, मुलं शाळेत जातात, सासूबाईंच्या गुडघ्यांचं औषध चालू आहे. आजचं मागणं वेगळं असणार आणि आजचं देणंही.

म्हणून त्या कोपऱ्यात बसून ती रात्र परत आणायचा हट्ट सोडा. तिची आठवण मात्र जपा. वाईला कृष्णाबाईचा उत्सव होतो, घाटाघाटावर आळीपाळीनं होतो. अफजलखानाच्या संकटात केलेल्या नवसातून तो सुरू झाला, असं परंपरा सांगते. खान कधीच गेला. त्या भीतीतून निघालेला उत्सव अजून चालतो, पिढ्यान्‌पिढ्या जेवणावळी उठतात. तुमच्या घरातही वर्षातला तो एक दिवस ठेवा. गोड काही करा, मुलांना ती रात्र त्यांना झेपेल अशा शब्दांत सांगा, बोट घेऊन आलेल्या माणसांची आठवण काढा. कृष्णामाईची ओटी भरायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पुरानंतर दोन-तीन बायकांनी मला सांगितलं होतं, नदीचा राग येतो, हात जोडवत नाहीत. मी त्यांना म्हटलं, नका जोडू, घाटावर नुसतं जाऊन बसा. रागावलेल्या लेकीला आई घरातून काढत नाही.

आता हातपाय कापण्याचं. श्रद्धा कच्ची म्हणून हे होतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर त्याला करुणाष्टकं वाचायला द्या. समर्थांना आपण ओळखतो ते बलोपासना सांगणारे म्हणून. १६४८ साली चाफळला रामाचं देऊळ उभारणारे, या खोऱ्यात जागोजागी मारुती बसवणारे. त्याच माणसानं लिहिलंय:

अनुदिनि अनुतापें तापलों रामराया ।
परम दिनदयाळा नीरसी मोहमाया ।
अचपळ मन माझें नावरे आवरीतां ।
तुजविण शिण होतो धांव रे धांव आतां ॥

माझं मन मला आवरत नाही, तुझ्यावाचून थकलोय, धाव. सज्जनगडावर आजही सांजेला हे म्हटलं जातं, साताऱ्यात कितीतरी घरांत दिवेलागणीला म्हटलं जातं. आमच्या घरी मी पाटावर बसून हे पाठ केलं तेव्हा अर्थ कळायचं वय नव्हतं. नंतर ध्यानात आलं की यात धीटपणाचा आव कुठंच नाही. मन शांत करून मग देवापुढं जाऊ, असंही त्यात नाही. न आवरणारं मन घेऊनच ते उभे आहेत. तुमचं कापणंही तसंच घेऊन जा. "देवा, बातमी ऐकली आणि पोटात गोळा आला," असं मोठ्यानं, आपल्या बोलीत सांगा. मग एखादं करुणाष्टक म्हणा, किंवा श्वासाबरोबर नुसतं नाव घ्या, आत घेताना आणि सोडताना. कापणं लगेच थांबेल असं सांगत नाही. कापत कापत नाम घेता येतं, एवढं मात्र मी अगदी जवळून पाहिलेलं आहे.

तुमच्याच जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात, बहे गावाजवळ कृष्णेच्या पात्रात रामलिंगाचं बेट आहे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक तिथं आहे. तिथली कथा अशी सांगतात: प्रभू रामचंद्र त्या जागी शिवलिंगाची पूजा करत बसले असताना कृष्णेला पूर आला. पूजेत खंड पडू नये म्हणून मारुतीनं आपले दोन्ही बाहू पसरले आणि नदी दुभंगून दोन्ही बाजूंनी वाहू लागली. या कथेत पूर ओसरला असं म्हटलेलं नाही. पाणी येतच राहिलं, दोन्हीकडून वाहत राहिलं आणि मध्ये पूजा चालू राहिली. भीतीच्या वेळी देव काय करतो, याचं याहून खरं वर्णन मला ठाऊक नाही. उन्हाळ्यात, नदी शांत असताना मुलांना घेऊन एकदा तिथं जाऊन या.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. तुमची भीती हवेतली नाही. २००५ ला पूर आला, २०१९ ला आला, २०२१ च्या जुलैत पुन्हा आला. सांगलीत आयर्विन पुलाशी ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. असं पाणी पाहिलेल्या माणसाचं अंग बातमी ऐकून थरथरलं तर ते अंग तुम्हाला जागं करतंय. तेव्हा पावसाळ्याआधीच घरात बसून ठरवा: कितीच्या आकड्याला आपण घर सोडायचं, कुणाकडे जायचं, जनावरं आधी कुठं हलवायची, सासूबाईंना कशानं न्यायचं. कागदपत्रं, औषधं, थोडे पैसे एका पिशवीत बांधून ठेवा. देवावर भार टाकला म्हणून ही तयारी करायची नाही, असं कुठल्याही संतानं सांगितलेलं नाही.

आणि पाऊस नसतानाही छातीत धडधडत असेल, तीच रात्र स्वप्नात येऊन झोप मोडत असेल, पाण्याच्या आवाजानंसुद्धा घाम फुटत असेल, तर मनाच्या डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. नाम घेणाऱ्याला मधुमेहाची गोळी चालते, तशी हीही चालते. यात देवाशी दगाबाजी नाही.

राहिले शेजारी. खरं तर हाच प्रश्न मला सर्वांत जड गेला. तुम्ही वाचलात आणि आजोबा गेले. तुमची हाक ऐकली, त्यांची ऐकली नाही, असा हिशेब मांडला की कुणाच्याच पदरात काही पडत नाही; तुमच्याकडे अपराधीपण उरतं आणि त्यांच्याकडे राग. जीव वाचणं हा देव भेटल्याचा पुरावा मानू नका. पत्र पुन्हा वाचून बघा. पाठीला पाठ लागली तेव्हा बोट आलेली नव्हती. पाणी चढतच होतं. ती भेट सुटकेच्या आधीची आहे. बोट आली नसती तरी ती भेट झालेलीच असती. आजोबांच्या शेवटच्या घटकेला त्यांच्यापाशी कोण होतं हे तुम्हाला माहीत नाही, मला नाही आणि त्यांच्या मुलालाही नाही. ते रिकामंच होतं असं धरून चालायला आपल्याला काहीच आधार नाही. तुम्हाला देव भेटला, हे म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. आजोबांना भेटला नाही, हे म्हणायचा हक्क कुणालाच नाही.

दुष्काळात तुकोबांचं सगळं गेलं. बायको अन्न अन्न करत गेली, दुकानाचं दिवाळं निघालं. त्यानंतर त्यांनी म्हटलं, "बरें झालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली." हा अभंग मी गाते तेव्हा माझा कंठ भरून येतो. पण ताई, हे तुकोबांनी स्वतःच्या दुःखाविषयी, स्वतः देवाला सांगितलेलं आहे. दुसऱ्याच्या दारात जाऊन "बरंच झालं, यात देवाचा काही हेतू असेल" असं म्हणायची परवानगी त्यातून कुणालाही मिळत नाही. तेराव्याला, चौदाव्याला असं बोलणारी माणसं मी पाहिली आहेत आणि ऐकणाऱ्या घरातल्यांचे चेहरेही पाहिले आहेत. तुम्ही ते करणार नाही, याची मला खात्री आहे.

शेजाऱ्यांचा मुलगा तेव्हापासून देवळात जात नाही, देवाला शिव्या देतो, असं तुम्ही लिहिलंय आणि त्याच्यापुढं आपला अनुभव बोलावा का, असं विचारलंय. लगेच नको. आधी त्याच्याकडे जाऊन बसा, वडिलांविषयी विचारा, ते कसे होते, त्या रात्री काय काय झालं. त्याला बोलू द्या. देवाला शिव्या देत असेल तर देऊ द्या. मध्ये देवाची बाजू घेऊ नका, देवाला वकिलाची गरज नाही. जो रोज शिव्या देतो त्याचं देवाशी बोलणं तुटलेलं नाही, असं मी मानते. तुकोबाही विठ्ठलाशी किती कडक भांडले आहेत. पुढं कधी त्यानं स्वतःहून विचारलं, "वहिनी, तुम्ही त्या रात्री कशा राहिलात?" तर मात्र काही लपवू नका. पायऱ्या मोजत होते, हरले, हाक मारली, कुणीतरी येऊन बसलं, का आलं मला माहीत नाही, असं घडलं तेवढंच सांगा. आणि त्याच्या घरी वर्षश्राद्धाचा स्वयंपाक असेल त्या दिवशी सकाळी लवकर जाऊन पोळ्या लाटायला बसा.